अर्धाच पोचलेला डोरेमॉन

आमच्या शाळेत पालकसभा भरली की एक तक्रार ठरलेली असते. "टीचर, पोरगं दिवसभर त्या डोरेमॉनपुढे बसतं. अभ्यासाला बस म्हटलं तर म्हणतं, अम्मी, मला तो पाव हवा." हा पाव कोणता, ते आता मला विचारावे लागत नाही. डोरेमॉनच्या खिशातून पावाचे काप निघतात. पुस्तकाच्या पानावर काप दाबायचा की मजकूर त्यावर उमटतो, आणि तो खाल्ला की पाठ होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री असा पाव कुणाला नको असेल? खरे सांगायचे तर बी. एड.च्या परीक्षेच्या वेळी मलाही तो हवा होता.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत पाचवीला शिकवते. काही वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगा होता. बेरीज-वजाबाकीत अडायचा, इमला लिहिताना रडकुंडीला यायचा, रोज उशिरा यायचा. एकदा मी त्याला उभे केले आणि त्याला उत्तर येईना, तेव्हा मागून कुणीतरी म्हणाले, "टीचर, ये तो नोबिता है." सगळा वर्ग हसला. मीही हसले. पुढे तेच त्याचे नाव पडले. एका दुपारी कंटाळून माझ्याही तोंडून निघाले, "नोबिता, खडे हो जाओ." या वेळी वर्ग नेहमीपेक्षा मोठ्याने हसला, कारण आता नावावर टीचरची मोहर होती. मुलगा उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हते. हे नाव आपलेच आहे असे त्याने मान्य केले होते.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मला प्रश्न पडला. ज्याच्या नावाने मी एका लेकराला हाक मारली तो नोबिता नेमका आहे कोण? टीव्हीवर येता-जाता पाहिलेला एक रडका, चष्मेवाला पोरगा, एवढीच माझी ओळख. मग मी मूळ चित्रकथा इंग्रजीतून मिळतील तशा वाचत गेले. पालक ज्याच्याविरुद्ध तक्रार करतात आणि मुले ज्याच्यावर जीव टाकतात तो डोरेमॉन आपल्यापर्यंत अर्धाच पोचला आहे, अशा मतावर मी त्या वाचनातून आले. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्याविषयी आहे.

इतिहास थोडक्यात सांगते. जपानमध्ये चित्रकथांना मांगा म्हणतात. डोरेमॉनची चित्रकथा १९७० च्या जानेवारी अंकांपासून सुरू झाली. ते अंक बाजारात आले डिसेंबर १९६९ मध्ये. 'अंकांपासून' हे अनेकवचन मुद्दाम वापरले आहे. शोगाकुकान ही टोकियोची प्रकाशनसंस्था. तिच्या नावातच प्राथमिक शाळा आहे. ही संस्था इयत्तावार मासिके काढत असे. बालवाडीतल्यांसाठी वेगळे, पहिलीसाठी वेगळे, दुसरीसाठी वेगळे. त्यांपैकी बहुतेक आता बंद पडली आहेत. अशा सहा मासिकांत, बालवाडीपासून चौथीपर्यंत, डोरेमॉन एकाच महिन्यात सुरू झाला आणि प्रत्येक मासिकात गोष्ट निराळी होती. पुढे पाचवी-सहावीच्या मासिकांतही तो गेला. म्हणजे लेखक दर महिन्याला सहा वर्षांच्या मुलाशी एक भाषा बोलत होता आणि दहा वर्षांच्या मुलाशी दुसरी. एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळणे म्हणजे काय, हे ज्यांनी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवले आहे त्यांना विचारावे.

हा लेखक म्हणजे हिरोशी फुजिमोतो. जन्म १९३३, तोयामा प्रांतातले ताकाओका गाव. शाळेत असताना मोतोओ आबिको हा मित्र भेटला. दोघांनी मिळून चित्रे काढली, १९५४ मध्ये दोघे टोकियोला आले आणि 'फुजिको फुजिओ' या एकाच टोपणनावाने वर्षानुवर्षे लिहीत राहिले. १९८७ मध्ये त्यांनी नावे वेगळी केली. डोरेमॉन हे फुजिमोतोंचे काम. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर तेराशेहून अधिक गोष्टी झाल्या होत्या. त्यांतल्या निवडक गोष्टींचे पंचेचाळीस खंड आज प्रमाण मानले जातात. आबिको २०२२ मध्ये गेले.

गोष्टीचा साचा साधा आहे. नोबिता चौथीतला मुलगा. परीक्षेत शून्य, खेळात शून्य. जियान त्याला मारतो, सुनियो बापाच्या पैशाचा तोरा मिरवतो, शिझुका त्याच्याशी बरी वागते. एके दिवशी टेबलाच्या खणातून त्याचा खापरपणतू बाहेर येतो. तो म्हणतो, आजोबा, तुम्ही आयुष्याचे असे काही वाटोळे केलेत की तुमचे कर्ज आम्ही अजून फेडतो आहोत. आणि नोबिताला सुधारण्यासाठी तो बाविसाव्या शतकातला एक मांजरासारखा यंत्रमानव ठेवून जातो. तोही काही पहिल्या प्रतीचा नाही. कान उंदराने कुरतडलेले, आणि मांजर असून उंदराला घाबरतो. नापास मुलाची शिकवणी घ्यायला नापास झालेला उस्तादच पाठवला आहे.

डोरेमॉनच्या पोटावरचा खिसा आपल्या वाचकाला अनोळखी वाटू नये. दास्तान-ए-अमीर हमजामधल्या अमर अय्यारची जंबील आठवा. त्या थैलीत काय नव्हते? शहरे मावत, लष्करे मावत, आणि हवी ती चीज हवी तेव्हा बाहेर निघे. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दास्तानांचे जाडजूड खंड छापले आणि उर्दू वाचणाऱ्या घराघरांत ती जंबील पोचली. पण एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. जंबील अमरची स्वतःची होती, आणि अमर मुळातच अय्यार, म्हणजे बुद्धीने दहा जणांना पुरून उरणारा. थैली नसती तरी त्याने शत्रूला फसवलेच असते. नोबिताच्या पोटावर खिसा नाही. खिसा दुसऱ्याचा, बुद्धी यथातथा, आणि मागण्याची हौस मात्र दांडगी. अल्लादीनने जिन्नकडून महाल मागितला. नोबिता मागतो ते एवढेच, की आज मार पडू नये, आज बोलणी बसू नयेत. जादू इतकी मोठी आणि मागणे इतके लहान! या विसंगतीतून फुजिमोतोंचा विनोद निघतो.

आता तक्रारीकडे येते. डोरेमॉन मुलांना आळशी करतो, आयते मागायला शिकवतो, असे पालक म्हणतात. गोष्टी नीट वाचल्या तर याच्या उलट दिसते. त्या पावाचेच पाहा. नोबिता पुस्तक खात सुटतो, इतके खातो की पोट बिघडते, आणि पाठ केलेले सगळे संडासात वाहून जाते. दुसऱ्या एका गोष्टीत त्याला एक बटण मिळते. नको असलेल्या माणसाचे नाव घेऊन ते दाबले की तो माणूस जगातून नाहीसा होतो, इतका की त्याची आठवणही कुणाला राहत नाही. आधी जियान जातो. मग रागाच्या भरात नोबिता सगळ्यांनाच घालवून बसतो. रिकाम्या गल्लीत, रिकाम्या घरात रात्र होते आणि पोरगा रडू लागतो. तेव्हा कळते की हे बटण हुकूमशहांना धडा देण्यासाठीच बनवले होते. आठ-दहा पानांत मुलाला सत्तेची गोष्ट इतक्या सोप्या रीतीने सांगणारे लेखक फार नसतात.

तरीही डोरेमॉनची ही वकिली मला पुरी पडत नाही. कारण पालक उलट विचारतील, "पोट बिघडले ना? मग दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खिशाकडे का धावतो?" प्रश्न रास्त आहे. प्रत्येक गोष्टीत धडा मिळतो आणि पुढच्या गोष्टीत तो पुसला जातो. साठत काहीच नाही. आणि टीव्हीवर हे फार जाणवते.

टीव्हीवर डोरेमॉन पहिल्यांदा १९७३ मध्ये आला आणि सहा महिन्यांत बंद झाला. २ एप्रिल १९७९ पासून टीव्ही आसाही वाहिनीवर दुसरी मालिका सुरू झाली, ती पंचवीसहून अधिक वर्षे चालली. डोरेमॉनचा घोगरा आवाज त्या मालिकेत नोबुयो ओयामा या अभिनेत्रीचा होता. २०२४ मध्ये त्या गेल्या. एप्रिल २००५ मध्ये सगळे आवाज बदलून मालिका नव्याने सुरू करण्यात आली, आणि ती अजून चालू आहे. आपल्याकडे डोरेमॉन हिंदी आवाजात आला तोही २००५ च्याच सुमारास. टीव्हीची गरज अशी की गोष्ट संपता कामा नये. उद्या पुन्हा तीच वेळ, तोच नोबिता, तेच शून्य. मुले मोठी होतात, त्यांची लग्ने होतात, त्यांची मुले टीव्हीपुढे बसतात, आणि नोबिता आपल्या इयत्तेत आहे तिथेच असतो. शाळेच्या भाषेत सांगायचे तर हा विद्यार्थी चाळीसहून अधिक वर्षे एकाच वर्गात बसला आहे.

छापील डोरेमॉनची गोष्ट वेगळी होती, आणि तिचे कारण ती इयत्तावार मासिके. जपानमध्ये शाळेचे वर्ष मार्चला संपते. चौथीच्या मासिकाचा वाचक मार्चनंतर चौथीत उरत नाही. तो पुढे जातो. मासिक तिथेच राहते आणि एप्रिलमध्ये नवी मुले येतात. आम्हा शिक्षकांच्या नशिबी जे दरवर्षी येते तेच या लेखकाच्या नशिबी होते. म्हणून फुजिमोतोंनी जाणाऱ्या मुलांसाठी निरोपाच्या गोष्टी लिहिल्या. चौथीच्या मासिकात १९७१ च्या मार्चला डोरेमॉन भविष्यात परतला. १९७२ च्या मार्चला पुन्हा एक निरोप आला. या वेळी डोरेमॉन आणि तो खापरपणतू ठरवून खोटे बोलतात. डोरेमॉन बिघडला आहे, दुरुस्तीला न्यावा लागेल, असे सांगतात, कारण नोबिता त्याच्यावर फार विसंबू लागला आहे. आपल्या सुखापेक्षा दोस्ताची दुरुस्ती महत्त्वाची म्हणून नोबिता त्याला जाऊ देतो. शेवटी तो एकटाच सायकल शिकतो आहे, पडतो आहे, पुन्हा चढतो आहे, आणि भविष्यकाळात बसून ते दोघे दुरून पाहत आहेत.

तिसरा निरोप सर्वांत प्रसिद्ध आहे. मार्च १९७४, तिसरीचे मासिक. जियानचा मार खाऊन नोबिता नेहमीप्रमाणे घरी येतो आणि गॅजेट मागतो. डोरेमॉन म्हणतो, मला परत जावे लागणार आहे. शेवटच्या रात्री दोघांना झोप येत नाही. चांदण्यात फिरायला निघतात. रडू लपवायला डोरेमॉन क्षणभर बाजूला जातो आणि नेमका तेव्हाच झोपेत चालणारा जियान नोबितासमोर येतो. मारामारी होते. नोबिता हाक मारत नाही. मार खातो, पडतो, उठतो, जियानचा पाय सोडत नाही. आता आपण एकट्याने निभावू शकलो नाही तर डोरेमॉनला निश्चिंत मनाने जाता येणार नाही, एवढेच त्याच्या डोक्यात आहे. अखेर जियानच थकून माघार घेतो. सुजलेल्या तोंडाच्या नोबिताला डोरेमॉन घरी आणून निजवतो. सकाळी उशाशी कोणी नसते. रिकाम्या खोलीत मुलगा बसला आहे, एवढ्यावर गोष्ट थांबते.

वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. ज्या नावाने मी माझ्या विद्यार्थ्याला हिणवले होते, तो नोबिता हा होता.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. फुजिमोतोंना डोरेमॉन सोडवेना. एप्रिल १९७४ च्या चौथीच्या मासिकात तो परत आला. महिन्यापूर्वी तिसरीतून बाहेर पडलेली मुले चौथीत येऊन बसली तर त्यांना तो तिथे पुन्हा भेटला. म्हणजे परत आलेला डोरेमॉनही त्या मुलांबरोबर एक इयत्ता पुढे सरकला होता. टीव्हीच्या मालिकांनी या गोष्टी घेतल्या नाहीत असे नाही. पण रोजच्या प्रवाहात निरोपाची एक गोष्ट आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव, पुन्हा बटण सुरू झाले, तर त्या निरोपाचे वजन ते काय राहणार? मासिकाच्या वाचकाला मार्च होता. टीव्हीच्या प्रेक्षकाला मार्च नाही. आपल्या मुलांपर्यंत खिसा पोचला आणि निरोप पोचला नाही, असे मी म्हणते ते या अर्थाने. पालकांची तक्रार खोटी नाही. ती फक्त अर्ध्या डोरेमॉनबद्दल आहे.

आता एक कबुलीजबाब. ही चित्रकथा वाचताना मला सर्वांत जास्त टोचले ते त्यातले शिक्षक. त्यांना बहुधा नावच नाही. सगळे त्यांना 'सेन्सेई' म्हणतात, म्हणजे गुरुजी. ते वाईट नाहीत. पेपर तपासतात, गृहपाठ विचारतात, तो केला नसेल तर व्हरांड्यात उभे करतात, वाटेत नोबिताची आई भेटली की तक्रार सांगतात. थोडक्यात, माझ्यासारखेच. आता नोबिताला काय काय येते ते पाहा. बोटांवर दोरा गुंफून आकृत्या करण्यात तो पटाईत आहे. नेमबाजीत त्याचा नेम चुकत नाही. जनावरांवर त्याची माया आहे. यातल्या एकाही गोष्टीला प्रगतिपुस्तकात रकाना नाही. बी. एड.ला आम्हाला 'वैयक्तिक भिन्नता' नावाचे प्रकरण होते. मी त्यावर उत्तर लिहून चांगले गुणही मिळवले होते. परीक्षेत लिहिलेले ते उत्तर वर्गात आले नाही. कदाचित ते प्रकरण मीही पावावर छापूनच खाल्ले असावे.

नोबिताचे मोल काय, हे फुजिमोतोंनी एका गोष्टीत शिझुकाच्या वडिलांकडून सांगितले आहे. लग्नाच्या आदल्या रात्री मुलीला धीर देताना ते सांगतात, की तू निवडलेला मुलगा दुसऱ्याच्या सुखाने सुखावतो आणि दुसऱ्याच्या दुःखाने दुखावतो, माणसात याहून मोठे काही नसते. मतलब हा, शब्द माझे. पंचविसाव्या खंडातली ही गोष्ट. गणित, भाषा, खेळ यांतल्या कशाचाही तिथे उल्लेख नाही.

हा गुण फुजिमोतोंनी नुसता सांगितला नाही, कामाला लावून दाखवला आहे. १९७३ मध्ये त्यांनी एका हत्तीची गोष्ट लिहिली. नोबिताचा काका सांगतो, की लहानपणी प्राणिसंग्रहालयातला एक हत्ती मला फार आवडायचा. युद्ध आले, मला गावी पाठवले, परत आलो तर हत्तीला मारून टाकले होते. नोबिता आणि डोरेमॉन संतापून थेट त्या काळात जातात. तिथे रखवालदाराला हुकूम आहे, विष घातलेले बटाटे हत्तीला द्या. त्याचा हात उठत नाही. लष्करी अधिकारी ओरडतो, युद्ध चालू आहे! आणि ही दोन मुले हसतमुखाने सांगतात, काळजी नको, युद्ध लवकरच संपेल, जपान हरणार आहे. शेवटी ते हत्तीला लहान करून त्याच्या देशात, म्हणजे आपल्या हिंदुस्थानात, धाडून देतात. वर्तमानात परतल्यावर काकाची उरलेली गोष्ट कळते. भारतात फिरताना तो डोंगरात वाट चुकला होता आणि एका हत्तीने त्याला वाचवले. तो आपलाच हत्ती होता असे काकाला वाटते, पण कुणी विश्वास ठेवत नाही. दोन मुले मात्र आनंदाने नाचू लागतात.

यामागे खरी घटना आहे. १९४३ मध्ये टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले धोकादायक प्राणी, बॉम्बहल्ल्यात मोकाट सुटू नयेत म्हणून, हुकमाने मारले गेले. तिथल्या हत्तींनी विषारी बटाटे खाल्ले नाहीत, म्हणून त्यांना उपाशी ठेवून मारले. युद्धानंतर जपानी मुलांनी हत्ती पाठवा अशी पत्रे लिहिली आणि १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी 'इंदिरा' नावाची हत्तीण उएनोला भेट दिली. म्हणजे इतिहासात हत्ती भारतातून जपानला गेला आणि गोष्टीत जपानमधून भारतात आला. युद्ध संपले तेव्हा फुजिमोतो अकरा वर्षांचे होते. मोठ्यांच्या युद्धज्वरापुढे दोन मुलांना हसत 'आपण हरणार' असे म्हणायला लावणे ही साधी गंमत नव्हे. देशभक्तीच्या नावाखाली मुक्या जिवावर चाललेला जुलूम कुणालाही दिसत नाही, आणि तो दिसतो नापास मुलाला. धर्म कोणता, देश कोणता, हे विचारून माणसे मोजण्याच्या काळात ही गोष्ट आपल्या मुलांना सांगावी असे मला मनापासून वाटते.

दोष सांगायला हवेत, नाहीतर समीक्षा म्हणजे कसीदा व्हायचा. सर्वांत मोठा दोष शिझुकाचा. म्हणजे तिचा नव्हे, तिला रेखाटणाऱ्याचा. हुशार, शांत, समंजस. पण तिला स्वतःची गोष्ट जवळजवळ नाहीच. ती बहुतेक वेळा नोबिताला पुढे मिळायचे बक्षीस म्हणून उभी असते. भर म्हणजे ती न्हाणीघरात असताना नोबिता अचानक तिथे उगवतो आणि वाचकाने हसायचे, हा 'विनोद' पुन्हा पुन्हा येतो. माझ्या वर्गात निम्म्या मुली आहेत. त्यांच्यासमोर हे पान मी उघडू शकत नाही, आणि 'त्या काळी चालायचे' एवढ्यावर सोडूनही देऊ शकत नाही. लेखकाला दुसऱ्याच्या दुःखाने दुखावणारा मुलगा रंगवता आला, पण त्याच मुलाच्या हातून मुलीची होणारी कुचंबणा मात्र त्याला गंमत वाटली. दुसरा दोष जियानच्या दांडगाईचा. जियानचा मार रोजच्या पावसासारखा येतो-जातो. थोरामोठ्यांपैकी कुणी मध्ये पडत नाही. मार खाणे हा नोबिताचा स्वभावच आहे असे मुलांना वाटू लागते. आमच्या वर्गात 'नोबिता' ही शिवी झाली त्याचे एक मूळ इथे आहे.

भाषेचा एक मुद्दा आपल्या जवळचा म्हणून मांडते. २०१३ मध्ये बांगलादेश सरकारने हिंदीतला डोरेमॉन दाखवणे बंद केले, कारण तिथली मुले बांगला सोडून हिंदी बोलू लागली अशी ओरड होती. २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या पंजाब विधानसभेत त्याच्याविरुद्ध ठराव मांडला गेला. त्याही वेळी तक्रारीत हिंदी होतीच. आमच्या मुलांची तऱ्हा बघा. घरात आपली बोली, शाळेत उर्दू, बाजारात आणि एसटीत मराठी, आणि टीव्हीवर हिंदी. मुले 'मुस्तक़बिल'ला 'भविष्य' म्हणू लागली म्हणून आमचेही काही सहकारी चिंतेत पडतात. मला ती चिंता वाटत नाही. मूल चार शब्द जास्त शिकले तर जुने चार हरवतात असे नाही. ते हरवतात त्या शब्दांत कुणी गोष्ट सांगत नाही तेव्हा. उलट हिंदीकारांचे एक श्रेय मान्य करायला हवे. त्यांनी नावे बदलली नाहीत. २०१३ मध्ये निघालेल्या इंग्रजी डिजिटल आवृत्तीत नोबिताचा 'नोबी' आणि जियानचा 'बिग जी' झाला. आपल्या मुलांनी मात्र नोबिता, शिझुका, सुनियो ही परक्या देशातली नावे जशीच्या तशी जिभेवर घेतली. परक्याला परके ठेवूनही आपले करता येते, हे मुलांना कुणी शिकवावे लागले नाही.

मग करायचे काय? टीव्ही बंद करून डोरेमॉन जाणार नाही. मला सुचले ते असे, की टीव्हीने अर्धी सांगितलेली गोष्ट वर्गात पुरी करावी. त्या वर्षी शेवटच्या आठवड्यात मी फळ्यावर काही लिहिले नाही. खुर्ची पुढे ओढली आणि चांदण्या रात्रीची, मारामारीची, सकाळच्या रिकाम्या खोलीची गोष्ट उर्दूत सांगितली. नेहमी बोलणारी मुले गप्प होती. एकाने विचारले, "टीचर, उसने डोरेमॉन को आवाज क्यूँ नहीं दी?" मी उत्तर देणार तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "फिर वो जाता कैसे?"

उत्तर देणारा तोच होता. या वेळी कुणी हसले नाही. यामुळे त्याचे गणित सुधारले असे मी म्हणणार नाही. ते नाही सुधारले. चिडवणेही एका दिवसात थांबले नाही. तो पुढच्या वर्गात गेला. व्हरांड्यात दिसला की सलाम करतो, आणि मी त्याला त्याच्या नावाने हाक मारते.